आषाढातली विलायत

बंगळूरला ओव्हरकोट लागत नाही. मार्गशीर्षात पहाटे जरा हुडहुडी भरते, तेवढ्याला एक शाल पुरे. तरी माझं लहानपण ओव्हरकोटांतच गेलं. शिवाजीनगरात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत अप्पांचं शिंप्याचं दुकान होतं (अप्पांच्या तोंडी शिवाजीनगरचं जुनं नाव, ब्लॅकपल्लीच, शेवटपर्यंत राहिलं), आणि त्या वर्षांत कँटोन्मेंटातली अँग्लो-इंडियन घरंच्या घरं विलायतेला चालली होती. जाण्याआधी प्रत्येकाला कोट हवा. जाड लोकरी कापडाचे तागे भिंतीशी रचलेले असायचे आणि शाळेतून आले की मी त्यांच्यावर आडवी व्हायची. अंगाला खाज सुटायची, पण ऊब अशी की उठवत नसे. आईची हाक यायची, "सुले, त्या कापडाला तेलकट केसांचे डाग पडले तर तुझ्या सासऱ्याकडून भरून घेईन!" सासरा अजून कुठं होता कोण जाणे, पण त्याच्या नावावर असं बरंच काही चढलेलं होतं.

दुकानामागं माजघर, त्यामागं स्वयंपाकघर, मग फरशी घातलेलं छोटं अंगण, आणि अंगणापलीकडं एक मागची खोली, चिंध्या आणि जुनी मशिनं ठेवायची. दिवसभर घरात मशीनची घरघर आणि कोळशाच्या इस्त्रीचा ओल्या कापडावर होणारा चर्रर्र आवाज. बाहेरून बांग, मग मेरीमातेच्या चर्चची घंटा, मग बस-स्टँडवरचे कंडक्टर. संध्याकाळी या सगळ्यांवर मात करायचा आईचा पाटा-वरवंटा. लसूण-मिरची वाटायला लागली की समोरच्या घरातले सुद्धा शिंकायचे. जेवायला मुद्दे, म्हणजे नाचणीच्या उकडीचा गोळा, आणि पातळ आमटीसारखं सारू, वर ती चटणी. पुण्याचे पाहुणे आले की आमचं बोलणं ऐकून हसायचे, कारण आमच्या मराठीत 'बरं'च्या जागी 'सरी' आणि 'थोडं'च्या जागी 'स्वल्प' मिठासारखं पडलेलं असायचं. हसू देत. तीनशे वर्षं इथं राहून एवढंच कन्नड शिरलं, याचंच मला नवल वाटतं.

अप्पा मितभाषी होते, पण एका बाबतीत हट्टी. कोट कच्च्या टाक्यांनी जोडला की पांढऱ्या दोऱ्यांसकट तो गिऱ्हाइकाच्या अंगात घालायचा, म्हणजे ट्रायल घ्यायची, आणि नुसता उभा करून नाही. बसा, हात वर करा, वाका, दारापर्यंत चालून या. "उभ्या माणसाला कुठलाही कोट होतो," ते म्हणायचे. "बसल्यावर कळतं." गिऱ्हाईक स्वतःहून 'इथं आवळतंय, इथं ओढतंय' असं बोलेपर्यंत अप्पा पक्की टीप घालत नसत. मिसेस रॉबर्ट्स म्हणून पलीकडच्या रस्त्यावर एक विधवा बाई राहायची. ती विलायतेला बहिणीकडं चालली होती आणि तिला मुळी काहीच आवळत नव्हतं. आरशासमोर उभी राहून ती सारखी म्हणायची, "मी होमला चालले, मास्टर!" तिचा जन्म कोलारचा, नवऱ्याची कबर इथली, विलायत तिनं बिस्किटाच्या डब्यावर पाहिलेली. तरी होम. अप्पा खडू हातात घेऊन शांतपणे म्हणायचे, "प्लीज सिट डाऊन, मॅडम." अप्पांचं सगळं इंग्रजी एवढंच होतं: उभे राहा, बसा, वळा, खांदे खाली.

माझा भाऊ मनोहर, माझा अण्णा, शिवणकामात पडला नाही. कारखान्यात लेथवर टर्नर होता. हाताला ऑइलचा वास, सायकलला दोन घंट्या, आणि स्वभाव असा की रस्त्यात भांडण दिसलं की सोडवायला थांबायचा आणि स्वतःच मार खाऊन यायचा. मला त्याचं फार वेड होतं. आणखी भावंडं नव्हती, म्हणून सगळी माया एकाच माणसावर, असं आई म्हणायची. मला वाटतं दहा असती तरी मी यालाच निवडलं असतं.

तर त्याच वर्षी चैत्रात आमच्या नात्यातला भास्कर विलायतेहून रजेवर आला. ऊन असं की डांबर वितळत होतं, आणि हा गृहस्थ ओव्हरकोट घालून टॅक्सीतून उतरला. हातात ट्रान्झिस्टर. कोटाला आतून तपकिरी साटिनचं अस्तर, ते दिसावं म्हणून बटणं उघडी. घामानं निथळत होता बापडा, पण कोट काढीना. चिक्कपेठेपासून लोक त्याला बघायला आले. ज्यांनी त्याला दहावीत नापास झाल्यावर तोंड दाखवू नकोस म्हटलं होतं, त्यांनीच त्याला खुर्ची दिली. अण्णा दोन दिवस त्याच्या मागं मागं होता. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, "मी विलायतेला जाणार."

आईच्या हातातला मुद्देचा गोळा हातातच राहिला. अप्पांनी विचारलं, "कुठल्या विलायतेला?" जशा काही चार-पाच आहेत.

"भास्करच्या कारखान्यात टर्नर पाहिजेत. तो शब्द टाकतोय. परवाना मिळेल म्हणतो."

"तिथं काय आहे?"

"काय नाही ते विचारा!" अण्णा म्हणाला आणि मग त्याला पुढं काही सुचेना. "पगार आहे. माणूस मोठा होतो. आणि आपले पूर्वज नव्हते का आले इथं? राजाच्या फौजेबरोबर तंबू शिवायला? त्यांना कोणी अडवलं?"

"ते पोटाला आले," अप्पा म्हणाले, "आणि राहायला आले. मी पण तुला अडवत नाही. जायचं तर कोट लागेल. उद्या माप दे."

आई त्या दिवशी जेवली नाही. भांडी घासताना माझ्याजवळ पुटपुटली, "बापाला काही आतडं आहे की नाही? पोरगा जातो म्हणतो आणि हे माप घेतात!"

अप्पांनी स्वतःसाठी म्हणून ठेवलेलं राखाडी कापड काढलं. अण्णाच्या हट्टानं साटिनचं अस्तर आणलं, तपकिरीच. ट्रायलच्या दिवशी रविवार होता, मी काजं करत बसले होते. अण्णा आरशासमोर उभा राहिला, अंगभर पांढरे दोरे, आणि खरं सांगते, राजबिंडा दिसत होता. अप्पा म्हणाले बस, तो बसला. हात वर, केले. दारापर्यंत चाल. तो चालला, पण ही चाल त्याची नव्हती. छाती पुढं, मान जराशी वळलेली, दोन्ही बाजूंना कोणी उभं असावं तशी.

"मनू," अप्पांनी विचारलं, "कुठं चाललास?"

"विलायतेला."

"ते राहू दे. आत्ता, मनात, कुठं चाललास? डोळे मीट आणि दिसतंय ते सांग."

अण्णाला खोटं बोलता येत नसे, हीच त्याची अडचण. त्यानं डोळे मिटले आणि हसू त्याच्या चेहऱ्यावर आपोआप पसरलं. "सिटी स्टेशन. गाडी लागलीये. मी उतरतोय. हमाल ट्रंक घेतोय. तुम्ही सगळे आलाय, आई रडतेय, सुलूनं नवी साडी नेसलीये. टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी थांबते, आत शिरत नाही, मग सगळे बाहेर येतात, माझ्या कारखान्यातला तो फोरमन पण येतो, आणि…"

"आणि त्याच्या आधी?"

"आधी म्हणजे?"

"परत यायच्या आधी तिथं राहिला असशील ना, चार-पाच वर्षं? ते काय दिसतंय?"

अण्णानं डोळे आणखी घट्ट मिटले. कपाळाला आठ्या पडल्या. म्हणाला, "बर्फ."

"आणखी?"

"बर्फच."

मला हसू फुटलं. अप्पा हसले नाहीत. त्यांनी कोट हलक्या हातानं उतरवून घेतला आणि खुंटीला अडकवला. "हा कोट गाडीतून उतरायचा आहे," ते म्हणाले. "तिथं राहायचा कोट कसला, ते तुला अजून माहीत नाही, म्हणून मलाही नाही. पक्की टीप घालणार नाही मी." अण्णा ताडकन निघून गेला, सायकलच्या दोन्ही घंट्या वाजवत. मग घरात अबोला सुरू झाला. तो पांढऱ्या दोऱ्यांचा कोट खुंटीवर, हे दोघं एकमेकांकडं न बघता त्याच्याखालून ये-जा करायचे, आणि आईचं जातं विनाकारण गरगर फिरायचं.

(माझा नातू पुढच्या महिन्यात कॅनडाला जातोय. त्याला तिथली खोली, खोलीतली शेगडी, बसचा थांबा, सगळं मोबाईलवर आधीच दिसलंय. मी त्याला विचारलं, "का जातोस रे?" तर म्हणाला, "अज्जी, सगळेच जातात." म्हणून आज हे लिहायला बसले.)

कोंडी फोडली ती आईनं. एका दुपारी तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "अहो, कोटाची ट्रायल घेता, मग पोराची का नाही घेत? मागची खोली रिकामी करा. तिथं राहू दे त्याला विलायतेसारखा. आपलं आपण शिजवून खाऊ दे, धुऊ दे, झाडू दे. चार दिवसांत नांगी टाकेल!" आषाढ लागतच होता. आषाढात लग्नं-मुंजी नाहीत, दुकानाला कामही नाही. अप्पांनी मान डोलावली आणि अण्णा इरेला पडून म्हणाला, "अख्खा आषाढ राहतो! अमावास्येपर्यंत."

मग नियम ठरले, आणि ते ठरवण्यात आम्ही सगळे अशा उत्साहानं पडलो की जशी काही घरात मंगळागौर आहे. मिसेस रॉबर्ट्स कोट न्यायला आली होती, तिनं बहिणीच्या सांगण्यातलं सगळं ओतलं. तिथं घरमालकीण असते, ती पाहुणे येऊ देत नाही. मसाल्याचा वास चालत नाही. मीटरमध्ये नाणं टाकल्याशिवाय शेगडी पेटत नाही. लगेच मी घरमालकीण झाले. अण्णानं डब्यात नाणं टाकलं तरच मी त्याच्या स्टोव्हला रॉकेल द्यायचं. आणि बोलायचं ते इंग्रजीत, विलायतेत मराठी कोण ऐकणार? हा नियम तर आईलाच सगळ्यात पसंत पडला. "हां, बघू कसा राहतो!" ती म्हणाली. पहिल्या दिवशी सकाळी अण्णा अंगणात तोंड धुवायला आला, आई हातात कॉफीचा पेला घेऊन उंबऱ्यापर्यंत गेली, तोंड उघडलं, आणि तिथंच थांबली. तिला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. स्वतःच मांडलेल्या खेळातून ती पहिल्याच दिवशी बाद झाली होती. पेला घेऊन परत आली आणि चुलीसमोर बसून म्हणाली, "अगं बाई, माझ्या हे लक्षातच आलं नाही!"

आषाढातली आमची हवा तुम्हाला ठाऊक असेल. पाऊस म्हणावा तर नाही, पण भुरभुर थांबत नाही. वारा अंगणातून शीळ घालत जातो, धुतलेले कपडे दोन-दोन दिवस ओले. मागच्या खोलीत अण्णानं पहिल्या संध्याकाळी भात लावला आणि असा जाळला की धूर गल्लीत गेला. पलीकडच्या घरातून आवाज आला, "काय हो, विलायतेला आग लागली काय?" मग पाव आणि बटाटे. बटाटे उकडून, बटाटे भाजून, शेवटी नुसतेच मीठ लावून. इकडं आमच्या चुलीवर चिंच घातलेली हुळी उकळायची, हिंगाची फोडणी बसायची, आणि अंगणापलीकडं खिडकीत एक चेहरा दिसायचा. मी मुद्दाम दार उघडं ठेवायची. घरमालकिणीला एवढा अधिकार असतोच. अप्पांना त्याच्याशी बोलायचं असायचं, पण त्यांचं इंग्रजी दुकानातलं. सकाळी अण्णा कामाला निघाला की ते त्याला आपादमस्तक न्याहाळून म्हणायचे, "शोल्डर डाऊन, प्लीज." अण्णा म्हणायचा, "यस, मास्टर." यापलीकडं बाप-लेकांचं संभाषण नाही. पण अबोल्यापेक्षा बरं होतं.

आईनं मात्र माझ्याकडून एक वाक्य शिकून घेतलं. गुड मॉर्निंग. दुसरं शिकवते म्हटलं तर म्हणाली, "एवढ्यात भागतं." आणि भागवलं तिनं! रोज दिवेलागणीला अण्णा कामावरून आला की ती अंगणाच्या अलीकडं उभी राहायची, डोक्यावर पदर, हात पदराखाली, आणि म्हणायची, "गुड मॉर्निंग." तो पलीकडून म्हणायचा, "गुड मॉर्निंग, मॅडम." मग दोघं तशीच उभी. मधे भुरभुर पाऊस. एकदा त्याला खोकला झाला. रात्रभर ऐकू येत होता. दुसऱ्या संध्याकाळी आईनं आधी विचारल्यासारखं म्हटलं, "गुड मॉर्निंग?" त्यानं हात हलवला. मग ती रागावून म्हणाली, "गुड मॉर्निंग!" आणि मग अगदी खालच्या आवाजात, पुन्हा तेच. मला आत राहवेना. मी आल्याचा काढा करून त्याच्या खोलीच्या दाराशी ठेवून आले. नियमात बसत नव्हतं. तो पेला घेत इंग्रजीतच म्हणाला, "घरमालकीण फार दयाळू आहे." मी म्हटलं, "भाडेकरू फार गाढव आहे." तेही इंग्रजीतच.

नांगी त्यानं टाकली नाही. चार दिवस गेले, पंधरवडा गेला. भात जमायला लागला. शर्ट स्वतः धुऊन, अर्धे ओले, इस्त्री करून घालू लागला. आई आशेनं बघत होती आणि तिची आशा रोज थोडी थोडी खाली बसत होती. मला सुद्धा कळून चुकलं की हा राहू शकतो. हे कळलं तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मला त्याचा संताप आला.

अशात अमावास्या आली. आमच्याकडं ती दिव्याची अवस, शेजारच्या कन्नड घरांत भीमन अमावास्ये, आणि पिढ्यान् पिढ्या शेजार राहून आमचे दोन्ही सण एकच झालेले. कणकेचे दिवे लावायचे, पूजा करायची, आणि मग भंडारा फोडायचा. कणकेच्या गोळ्यांत नाणं लपवून ते उकडतात, बहीण ते उंबरठ्यावर मांडते, आणि भाऊ कोपरानं ठेचून फोडतो. मग बहीण पाया पडते, भाऊ पाठीत एक धपका घालतो. लहानपणी अण्णा असा जोरात फोडायचा की कणीक भिंतीला चिकटायची. त्या संध्याकाळी दिवे लागले, मी उंबरठ्याच्या आत पाटावर बसले, समोर गोळे मांडले. अंगणापलीकडं विलायत. आईला धीर धरवेना. नियम मोडून तिनं मराठीत हाक मारली, "मनू, आज तरी ये रे! पोरगी बसलीये." अप्पाही म्हणाले, "ये. पुरे झाला खेळ."

अण्णा आला. अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून आला होता, म्हणजे त्याच्या मनातही होतंच. उंबरठ्यासमोर बसला, बाही वर सारली, कोपर उचललं, आणि तसंच हवेत धरून बसला.

"सुलू," तो म्हणाला, "पुढच्या वर्षी कोण फोडणार?"

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू," अप्पा म्हणाले.

"नाही अप्पा. तुम्ही विचारलं होतं ना, तिथं काय दिसतं म्हणून. आत्ता दिसलं. ही इथं अशीच बसलीये, दिवे लावलेत, आणि मी नाही." त्याचं कोपर खाली आलं, पण गोळ्यावर नाही, आपल्याच मांडीवर. "हे मला दिसलंच नव्हतं हो. मला आपलं वाटायचं, मी येईपर्यंत तुम्ही सगळे आहात तिथं थांबाल."

आईनं तोंडाला पदर लावला. आता एक शब्द बोलला असता कोणी, 'नको जाऊस' एवढाच, तर तो राहिला असता. मला ते स्पष्ट दिसत होतं. आणि तो राहायला मला हवा होता, देवाशपथ हवा होता. पण समोर बसलेलं ते तोंड बघवेना. रडवेलं, माझ्या एका गोळ्यापायी आपला सगळा जन्म हातात घेऊन बसलेलं. माझं डोकं फिरलं. "म्हणजे मी काय जन्मभर तुझ्या कोपराची वाट बघत बसू?" मी ओरडले. "सरक!" आणि मीच कोपर उचलून दाणकन गोळ्यावर आपटलं.

नाणं उडून अंगणात गेलं. आई किंचाळली, "अगं, बाईच्या जातीनं?" अप्पा उभेच्या उभे. माझ्या कोपराला कणीक आणि झिणझिण्या, डोळ्यांत पाणी. अण्णाला हसू आलं, आणि हसता हसता तो हमसून रडायला लागला. मी म्हटलं, "जायचं तर जा तू. फोडायचं मी बघते." त्यानं माझ्या पाठीत धपका घातला, तो इतका हळू की लागलाच नाही.

दुसऱ्या दिवशी श्रावण लागला. सकाळीच अण्णा दुकानात आला, स्वतःच खुंटीवरचा कोट काढून अंगात घातला आणि आरशाकडं पाठ करून बसला. "अप्पा, बसल्यावर खांद्यात ओढतो. सकाळी स्टोव्ह पेटवायला वाकलो तर निघणार नाही." अप्पांनी खडू घेतला. न विचारताच अण्णानं डोळे मिटले. "अंधार आहे. सकाळ आहे पण अंधार. हात गार आहेत. काल उरलेले बटाटे खातोय. मग कारखाना. अप्पा, इथल्या लेथवर मी कितीही जीव ओतला तरी काम केसभर चुकतं, मशीनच म्हातारं आहे. भास्कर म्हणतो, तिथली मशिनं केसाचाही केस सांभाळतात. मला त्यांच्यावर काम करायचंय. कोणी बघायला असो नसो."

"आणखी काय दिसतं?"

"तुम्ही कोणी नाही दिसत."

अप्पांचा खडूचा हात थांबला. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि म्हणाले, "स्टँड स्ट्रेट, प्लीज." त्या दिवशी दुपारी त्यांनी पक्की टीप घातली. मशीनचा तो आवाज ऐकून आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

परवाना यायला वर्ष गेलं, पण गेला तो. सिटी स्टेशनवर कोट त्याच्या हातावर होता, अंगात साधा शर्ट. त्यानंतर दर आषाढी अमावास्येला मी माझा भंडारा मीच फोडला. सासरी पहिल्या वर्षी सासूबाई हबकल्या, पुढं त्यांनाही सवय झाली. आता महादेवपुऱ्याच्या फ्लॅटला उंबरठा कसला, दगडाची एक पट्टी आहे, आणि कोपर पुढं आठवडाभर ठणकतं. सोडत मात्र नाही.

अण्णा कित्येक वर्षांनी पहिल्यांदा आला तेव्हा तोच कोट पिशवीत घडी करून घेऊन आला होता, दाखवायला नाही, दुरुस्तीला. कॉलर झिजून दोरे निघालेले, साटिन फाटलेलं, खिशांची कड विरलेली. "कॉलर उलटून द्या अप्पा, तिकडं नीट करत नाहीत." अप्पांनी कोट उजेडात धरून कितीतरी वेळ फिरवून फिरवून पाहिला. कोपरं झिजलेली, पाठीमागं बसण्याची जागा झिजलेली. मला वाटतं, त्यांनी शिवलेल्या कुठल्याच कपड्याकडं त्यांनी इतक्या समाधानानं पाहिलं नसेल. आईनं विचारलं, खिसे का रे एवढे झिजले? तो म्हणाला, हात सारखे आत असतात. मग तिनं आपली जुनी मऊ इरकल फाडून दिली आणि अप्पांनी खिशांना आतून ती लावली.

पण तो आला कसा, ते सांगायचं राहिलंच. येण्याचा दिवस त्यानं कळवला नव्हता. स्टेशनवर कोणी नाही, टॅक्सी नाही. साधा शर्ट, हातात पिशवी, टाउन बसनं शिवाजीनगरला उतरून गल्लीतून चालत आला आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. मी बाळंतपणाला माहेरी होते. दिवेलागणीची वेळ. दुकानात अप्पा मान खाली घालून मशीनवर, त्यांनी गिऱ्हाईक समजून वर पाहिलं नाही. तो तसाच आत, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. आई चुलीशी होती. सावली पडली म्हणून तिनं मागं वळून बघितलं. हातातली पळी तशीच. केस पांढरे झाले होते तिचे, ते त्यानं पाहिले नव्हते. आणि मग डोक्यावर पदर घेऊन, उभी राहून, ती म्हणाली, "गुड मॉर्निंग."

अण्णानं पिशवी खाली ठेवली. "गुड मॉर्निंग, मॅडम," तो म्हणाला, आणि उंबरठ्यावरच खाली बसला.